झाकण उचलायचं नाही

मी आळशी आहे. लग्नाआधीच हे मी सांगितलं होतं, पण मुलगी लाजून बोलते आहे असं गोपालला वाटलं. जे काम बसून होतं ते उभ्यानं करू नये आणि जे आपोआप होतं त्याला हात लावू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि येऊन पडले कुठे, तर मैनाबाईंच्या घरात. माझ्या सासूबाई टीव्ही बघतानाही मांडीवर सूप घेऊन काहीतरी निवडत असतात.

अमरावतीहून मोर्शीकडे जाताना रस्त्याला लागून आमची संत्र्याची बाग आहे. पुढच्या झाडांखाली टेबलं मांडून आम्ही जेवण देतो. आठवडाभर पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत आणि रविवारी धुरावरचं मटण. बागेतली जुनी झाडं वाळली तेव्हा ती तोडावी लागली आणि त्या लाकडाच्या धुरावर गोपालनं एकदा गंमत म्हणून बोकडाची अख्खी मांडी ठेवली. अर्ध्या दिवसानं काढली तर मांस हाडावरून आपणहून सुटत होतं, आणि वास असा की रस्त्यावरचा मोटारसायकलवाला थांबून विचारून गेला. पुढच्या रविवारपासून शहरातून गाड्या यायला लागल्या आणि माझे रविवार संपले.

कारण ती भट्टी. तेलाचा ड्रम आडवा कापून त्याला बिजागरी लावलेली. पत्रा पातळ, त्यामुळे वारा आला की आग भडकायची, वारा पडला की विझायची. लाकूड घाला, राख ओढा, पाणी शिंपडा, परत लाकूड घाला. पहाटेपासून दुपारपर्यंत एक माणूस तिच्यापुढे बांधलेला. गोपालकडे बाजार आणि गिऱ्हाईकं, सासूबाईंकडे बाकीचा सगळा स्वयंपाक, म्हणून तो माणूस मी.

आमची एकुलती एक आचल कबड्डी खेळते. उजवा कोपरा सांभाळते, आणि तिनं घोटा धरला की समोरची पोरगी मध्यरेषेपर्यंत पोचत नाही असं सगळे सांगतात. सगळे सांगतात, कारण मी एकदाही पाहिलेलं नाही. तिचे सामने असतात रविवारी.

यंदा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. एका संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळता चोळता ती म्हणाली, "मम्मी, आमी फायनलले गेलो. अकोल्याले हाये, पुढच्या महिन्यात."

"कोणत्या वारी?"

"रविवारी. पण तू टेन्शन नोको घेऊ. मी व्हिडिओ दाखवीन ना तुले."

ती हे अगदी सहज बोलली, त्यात कसलाही टोमणा नव्हता. आई येणार नाही हे तिनं पावसाळा-उन्हाळ्यासारखं मान्य करून टाकलं होतं. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला. त्याच रात्री मी जाहीर केलं की महिनाभरात अशी भट्टी पाहिजे जिच्यापुढे कोणी बसायचं नाही.

"अव माय!" सासूबाई म्हणाल्या. "मंग मटन काय सोताच शिजन?"

"हो, सोताच," मी म्हणाले.

गोपालला यंत्रांचा भारी नाद. चिखलदऱ्याचं एक हॉटेल बंद होत होतं, तिथून तो कपाटासारखी विजेची भट्टी घेऊन आला. आत जाळ्या, खाली लाकडाच्या चुऱ्याचा खण, दारावर काच. "बटन दाब आन् विसरून जाय," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं प्रेमळ वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि खरंच जाऊन झोपले. उठले तर लाइट गेलेली, मटण कोमट आणि त्याला चाटून गेला असेल तेवढाच धूर. लाइट आल्यावर ते शिजलं, नाही असं नाही, पण चव पथ्याच्या जेवणाची. आता त्या कपाटात आम्ही पापड ठेवतो.

ड्रमला माणूस लागतो आणि कपाटाला लाइट लागते. दोन्ही आमच्याकडे खात्रीची नाहीत.

उत्तर मला सापडलं ते मरीमायच्या रोडग्यांना. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमचं मरीमायचं ठाणं आहे. दरवर्षी तिथे भावकी जमते आणि रोडगे होतात. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, निखारे झाले की कणकेचे गोळे त्यात पुरायचे, वरून राख ओढायची आणि निघून जायचं. पूजा होते, भजन होतं, कोणाचं तरी भांडणही होऊन मिटतं, तोवर आत रोडगे भाजून तयार. बसल्या बसल्या मी त्या राखेच्या ढिगाकडे बघत होते आणि एकदम ताठ झाले. इतका वेळ झाला, पण कोणी फुंकर मारली नव्हती. राखेखाली हवा कमी, म्हणून आग सावकाश, आणि जाड थर, म्हणून ऊब टिकते. जन्मभर हे खात आले, आणि भट्टी शोधायला नवरा चिखलदऱ्याला गेला.

घरामागे एक मोठा रांजण पालथा पडला होता. गोपालनं त्याच्या बुडाजवळ मुठीएवढं छिद्र पाडलं. बाहेरून आम्ही चिकणमाती आणि कुटाराचा, म्हणजे भुशाचा, हातभर जाड लेप दिला, कारण नुसता रांजण आगीनं तडकतो. तळाशी संत्र्याच्या लाकडाच्या कोळशाची गोल माळ रचायची आणि एकाच टोकाला पेटवायची. आग एका तुकड्यावरून दुसऱ्यावर आपली आपण सरकत जाते. मधेमधे ओबडधोबड लाकडाचे तुकडे, धुरासाठी. वर जाळी, जाळीवर मांड्या, तोंडावर जड मातीचं झाकण आणि धुराला वाट म्हणून त्याला एक छोटं भोक. पेटवलं की काम संपलं.

पहिल्या रविवारी मटण कच्चं राहिलं. गिऱ्हाईकांना भरीत वाढून वेळ मारून नेली. दुसऱ्या रविवारी मी कोळसा वाढवला, तरी कच्चंच. तिसऱ्यांदा छिद्र मोठं केलं, तर वरून करपलं आणि हाडाजवळ लाल. अकोल्याची फायनल आता तोंडावर आलेली. त्यातच त्याच दिवसासाठी एका कंत्राटदारानं वाढदिवसाला आमची सगळी बाग ठरवली होती.

"ड्रमच बरा हाये," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली.

मधल्या एका दिवशी मी पुन्हा करून पाहिलं. पेटवलं, झाकण ठेवलं आणि मोसंबीच्या झाडामागे खाट टाकून पडले. आळशी माणसाला एक फायदा असतो, पडल्या पडल्या त्याला सगळं दिसतं. आधी सासूबाई आल्या. झाकण उचललं, वाकून पाहिलं, ठेवलं. मग गोपाल आला. उचललं, बोटानं मटण दाबलं, ठेवलं. दूधवाला आला, त्यानंही उचललं आणि "वास मस्त येऊन राहिला" असं सांगून गेला. ड्रायव्हर, पाहुणा, शेजारची गंगूबाई, सगळ्यांनी उचललं. सासूबाई तर चार बोरं तोडून आणायला निघाल्या तरी जाता-येता उचलत होत्या. आमच्याकडे शिजत असलेल्या भांड्याचं झाकण उचलून न पाहता पुढे जाणं म्हणजे त्या घराशी बोलणं टाकल्यासारखं. रांजणाला दोष नव्हता. त्याची ऊब हे लोक आपुलकीनं वाटून घेत होते.

मी खाटेवरून उठले. "आई, रोडगे पुरल्यावर तुमी दर घडीले राख उकरून पाह्यता काय?"

"रोडगे काहून उकरू? ते देवाचे हायेत. निवद दाखवल्याबिगर कोन हात लावते?"

"मंग मटनाले काहून?"

"मटन मटन हाये बाई. ते पाहा लागते."

मी समजावलं, गोपालला वेगळं समजावलं. दोघंही हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि बाहेर आले तर दोघंही रांजणापाशी. "म्या उचललं नाई," गोपाल म्हणाला, "जराकसंच सरकवलं." माझ्या घरचे लोक खोटारडे नाहीत. त्यांच्या हातांना राहवत नाही, एवढंच.

फायनलचा रविवार उजाडला. अंधारातच मी मांड्यांना लसूण, मिरची, काळा मसाला चोळून ठेवला होता. कोळशाची माळ रचली, टोक पेटवलं, जाळी ठेवली, मांड्या ठेवल्या, झाकण बसवलं. मग देवघरातून हळद-कुंकू आणलं. झाकणावर बोटं ओढली, वर लिंबाचा डहाळा ठेवला, समोर उदबत्ती लावली. सासूबाई चुलीवरून उठून आल्या.

"हे काय करून राहिली व?"

"कंदुरी हाये, आई. मरीमायले मटनाचा निवद. आचल जिंकली पाहिजे म्हनून नवस बोलली मी. निवद दाखवल्याबिगर कोनी झाकनाले हात लावायचा नाई."

बोलताना माझी जीभ जरा अडखळली, कारण नवस मी बोललेच नव्हते. देवीच्या नावानं खोटं बोलायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून तिथेच, सासूबाईंच्या देखत, मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात खरा नवस बोलून टाकला. मग डोळे उघडून म्हणाले, "मी दुपारी येतो अकोल्याहून. मीच दाखवीन निवद."

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि रांजणाला हात जोडले. गोपाल मागून येत होता, तो चप्पल काढून लांबच थांबला.

बसमध्ये बसले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. झारा नाही, चिमटा नाही. रविवारी सकाळी मी बाई नुसती खिडकीतून कपाशीची रानं बघत चालले होते. मूर्तिजापूर यायच्या आत दोनदा मोबाइल वाजला. पहिल्यांदा गोपाल. "धूर कमी दिसून राहिला. जराक..."

"कंदुरी हाये," मी म्हणाले.

"नाई, मी नुसतं सांगतलं."

दुसऱ्यांदा सासूबाई. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "दूधवाल्याले म्या काठीनं हाकललं."

मैदानावर पोचले तेव्हा सामना सुरू होऊन गेलेला. गर्दीत कोपरानं वाट काढत मी दोरीपर्यंत गेले. आचलला शोधावं लागलं नाही. उजव्या कोपऱ्यात वाकून, हात लांब करून ती उभी होती. घरात जेवणाचं ताटही न उचलणारी माझी पोरगी. समोरची चढाई करायला आली ती उंच, दांडगी, आमच्या दोन पोरींना बाद करून परत निघालेली. मध्यरेषा हाताच्या अंतरावर. आणि आचल जमिनीलगत झेपावली. तिनं घोटा धरला. ती दांडगी पोरगी ओढत राहिली, आचल फरफटत गेली, तोंडात माती गेली असेल, पण पकड सुटली नाही. बाकीच्या पोरी येऊन पडल्या आणि पंचांनी शिटी वाजवली.

मी ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या बाईनं कानावर हात ठेवला. "माझी हाये!" मी तिला सांगितलं. "ते उजव्या कोपऱ्यातली माझी हाये!"

शेवटपर्यंत गुण पुढेमागे होत राहिले आणि शेवटच्या चढाईत आम्ही जिंकलो. पोरींनी एकमेकींना उचललं. आचल माती झटकत बाहेर आली आणि दोरीपाशी मला बघून जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा उतरला. घरी काहीतरी वाईट झालं म्हणून आई आली असं वाटलं असणार तिला.

"मम्मी? तू? मटन कोन पाहून राह्यलं?"

"कोनीच नाई," मी म्हणाले.

मग तिनं घामानं, मातीनं भरलेल्या अंगानं मला अशी मिठी मारली की माझी चप्पल निघाली. सामन्यात रडली नाही, तिथे रडली. मीही रडले, आणि मला ते फार आवडलं.

दोघी परतलो तेव्हा बागेत गाड्या लागलेल्या. कंत्राटदार घड्याळ बघत होता, गोपाल हात चोळत उभा. सासूबाई रांजणाशेजारी खुर्ची टाकून मांडीवर काठी घेऊन बसल्या होत्या. उदबत्ती कधीच विझली होती आणि कुंकवाची बोटं जशीच्या तशी होती. सकाळपासून झाकण हललं नव्हतं.

मी उचललं.

आधी धूर आला, मग वास आला, आणि आमच्यामागे टेबलांवरचं बोलणं बंद झालं. मांड्या गडद तांबूस, तुपासारख्या चकाकणाऱ्या. मी चिमट्यानं हाड धरून वर घेतलं. हाडच वर आलं, मांस जाळीवर राहिलं. गोपाल "आव बाप्पा!" म्हणाला आणि त्यानं चक्क टाळी वाजवली. पहिलं ताट आचलच्या हातानं मरीमायला गेलं. त्यानंतर जे वाढलं ते एकाही टेबलावर उरलं नाही. कंत्राटदार हाताला लागलेलं चाटत उठला आणि पुढच्या महिन्याची तारीख सांगून गेला.

सगळे गेल्यावर सासूबाईंना मी टेबलावर बसवलं. रविवारी त्या कधी बसून जेवलेल्या नाहीत. आचल शेजारी बसून पकड कशी केली ते ताटातल्या हाडावर करून दाखवत होती आणि त्या घास हातात धरून बघत होत्या.

"मले कधी दाखवशीन थे?" त्यांनी विचारलं.

"व्हिडिओ हाये ना आजी, थांब."

"व्हिडिओ नोको." सासूबाईंनी घास खाल्ला आणि माझ्याकडे वळल्या. "आता राज्याची मॅच कोठी हाये?"

"नागपूरले. रविवारीच."

"मंग रागिणी, दोन तिकिटं काढजो," त्या म्हणाल्या. "इथं तर काई कामच उरलं नाई."