धाकटीचे प्रायमर

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. आमच्या घरातला दावा थेट प्रयोगशाळेपर्यंत गेला आणि त्याला जबाबदार मीच. धाकट्या जावेला इथे चिकटवली कोणी? मी. हाताखाली राहील म्हटलं. कसलं काय! सहा महिन्यांत डोक्यावर बसली.

आमच्याकडे वुडचक असतात. मांजराएवढी जाडजूड खारच म्हणा. माणसाला हिपॅटायटिस बी होतो, तसाच एक विषाणू यांच्याही लिव्हरमध्ये मुक्काम ठोकतो, म्हणून त्यांच्यावर अभ्यास. विषाणू शिरला की पेशीत धोक्याची घंटा वाजवणारं एक जनुक असतं. ते वुडचकमध्ये शोधायचं काम तीन वर्षं माझं होतं. जनुक पकडायला प्रायमर लागतात, डीएनएचे छोटेसे तुकडे. मी ते उंदराच्या जनुकावरून बनवले. तीन वर्षं काही म्हणजे काही सापडलं नाही. धाकटीनं आल्या आल्या वुडचकचंच जनुक वाचून काढलं, त्यावरून प्रायमर बनवले, आणि पहिल्याच फटक्यात ते हाताला लागलं. वर आजारी लिव्हरमध्ये त्याचं काम चौपट वाढतं, हेही दाखवलं. सर खूश. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं. घरी सासूबाई येईल त्याला सांगत सुटल्या. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

मग मला खोट दिसली. आमच्यात नियम आहे, आधी निरोगी प्राणी हाताळायचे, आजारी शेवटी, म्हणजे विषाणू इकडचा तिकडे जात नाही. धाकटीनं नियम पाळला. त्यामुळे तिचे आजारी प्राणी दोन तास छोट्या पिंजऱ्यात उपाशी, घाबरून बसले होते. जनुक त्या भीतीनंच वाढलं असेल तर? तिला मी अवाक्षर बोलले नाही. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत फोडायचं, तेही पुराव्यासकट, असं ठरवलं.

पुरावा माझ्या फ्रीजरमध्ये होता. माझ्या वेळी आजारी प्राण्यांचा दिवसच वेगळा असे, सकाळी पिंजऱ्यातून काढलं की लगेच तपासणी. त्यांच्यात जनुक वाढलेलं नसणारच. गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर मी धाकटीच्या डब्यातले प्रायमर न विचारता उचलले आणि माझे लिव्हरचे जुने नमुने मशीनला लावले.

संध्याकाळी आकडे आले. चौपट. एकूण एक आजारी प्राण्यात चौपट, म्हणजे भीतीचा संबंधच नव्हता. आणि माझी म्हातारी, म्हणजे विषाणूला पुरून उरलेली एकुलती एक मादी, तिच्यात तर बरं व्हायच्या आधी बारापट! हे धाकटीकडेही नव्हतं. तीन वर्षं माझ्याच फ्रीजरमध्ये पडून होतं. मला रडू आलं.

शुक्रवारी मी तोंड उघडायच्या आतच सरांनी विचारलं, ''आजारी प्राणी दोन तास थांबले होते ना? मग हे भीतीनं वाढलं नसेल कशावरून?''

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ''सर, तसं तपासलं नाही मी.''

''मग निबंध थांबवू या. वर्षभर तरी.''

मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. गुरुवारच्या आकड्यांचा कागद पर्समध्येच ठेवला असता तर कोणाला कळणार होतं? पण म्हातारीचे बारापट आकडे त्यावरच होते, आणि ते माझे होते. मी कागद सरांपुढे सरकवला.

धाकटीनं तो वाचला. ''ताई, हे माझ्या प्रायमरनी केलंत?''

''हो. तुला खोटं पाडायला.''

सर खोकले. निबंध पुढे गेला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं.

घरी सासूबाईंनी विचारलं, ''तुझं काय गं त्यात?''

''नमुने माझे होते.''

''म्हणजे भाजी चिरून दिलीस!'' त्या खो खो हसल्या.

धाकटी हसली नाही. ''आई, ताईंशिवाय माझं काहीच टिकलं नसतं,'' म्हणाली.

त्याचाच मला जास्त राग आला.