बघायची खुंटी

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर माणसाला संध्याकाळी काहीतरी सुंदर बघावंसं वाटणं साहजिक आहे. त्यामुळे त्यांच्या छंदाबद्दल मी पहिली काही वर्षं सहानुभूती बाळगून होतो. माणूस तसा लाखात एक, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्यांना साधी वस्तू सहन होत नाही. बाजारातून आणलेली प्लास्टिकची बादली दिसली की त्यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा होतो.

घर त्यांनी जातीने लक्ष घालून बांधून घेतलं. आर्किटेक्ट त्यांच्याच तालमीतले. दाराला कडी नाही, कपाटाला मूठ नाही, भिंतीवर बटण नाही. सगळं आहे, पण दिसत नाही. वस्तू दिसणं हा म्हणे घराचा अडाणीपणा. बाथरूमचं दार भिंतीत असं बेमालूम बसवलंय की नवखा पाहुणा ऐन अडचणीच्या वेळी पॅसेजभर भिंत चाचपत फिरतो, आणि मेहुणे मागे उभे राहून कौतुकाने विचारतात, "सापडत नाही ना?" दिवाणखान्यात एक खुर्ची आहे. तिच्यावर मी एकदा बसलो होतो. बसलो म्हणजे, तिने मला थोडा वेळ ठेवून घेतलं आणि मग खाली सोडलं. तेव्हापासून त्या घरी मी उभाच असतो.

मेहुण्यांसारखीच आणखी काही मंडळी गावात आहेत हे कळायला वेळ लागला नाही. अशा माणसांना एकमेकांचा वास येतो. आर्किटेक्ट धरून त्यांचं एक रसिक मंडळ झालं. धाकटी त्यांना 'बघे' म्हणते. त्यात एक वकील आहेत, त्यांना घड्याळांचा नाद. कपाटभर घड्याळं, आणि सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं झालेली, कारण त्या वेळी काटे तबकडीवर सर्वांत शोभून दिसतात. चावी दिली की चक्रं झिजतात, म्हणून चावी द्यायची नाही. मनगटावर रोज नवं घड्याळ बांधून हा गृहस्थ कोर्टात रोज उशिरा पोहोचतो. दुसरे बँकेतले निवृत्त साहेब. त्यांनी सोफा विकून बैठकीच्या खोलीत एक जुनी मोटरसायकल उभी केली आहे. टाकीचा आकार असा की बघणाऱ्याला भूक लागू नये. तिच्यात पेट्रोल कधी घातलेलं नाही, कारण वास येतो. संध्याकाळी साहेब तिच्यासमोर स्टुलावर बसून चहा पितात आणि बाकी सगळीकडे बसने जातात. घरी कुणी आलं की त्यांच्या बाईसाहेब मोटरसायकलकडे बोट दाखवून सांगतात, "ही आमची सवत. बसा, म्हणजे उभे राहा."

मंडळ रविवारी सकाळी कुणा ना कुणाच्या घरी जमतं. नवी वस्तू आधी कापडाखाली असते. मंडळी हात मागे बांधून अर्धवर्तुळात उभी राहतात, यजमान कापड काढतो, आणि मग शांतता. ती मोडायचा मान मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठाचा, म्हणजे बँकेच्या साहेबांचा. वस्तू कशासाठी वापरतात हे विचारायचं नाही. एका नव्या सभासदाने एकदा विचारलं होतं, त्याला पुढच्या रविवारचा पत्ता कुणी कळवलाच नाही. आणि शेवटचा नियम हा की ज्येष्ठांनी वस्तूला 'अप्रतिम' म्हटलं की ती वापरातून उठली. मेहुण्यांच्या घरची किटली अशीच एका रविवारी अप्रतिम निघाली, तेव्हापासून त्या घरात चहा पातेल्यात होतो.

धाकटीची याबद्दल काही तक्रार नव्हती. पातेल्यातला चहाही चहाच असतो, असं ती म्हणायची. तिचं घोडं अडलं ते टॉवेलपाशी.

ती तलावावर मुलींना पोहायला शिकवते. चांगली शिकवते. पाण्याला घाबरून काठाला घट्ट धरून ठेवणारी मुलगी तिच्या हाताखाली आली की मासोळी होऊन बाहेर पडते. आता पोहायला शिकवणारी बाई रोज घरी येणार ती ओला टॉवेल घेऊन. आणि त्या घरात टॉवेल वाळत घालायला जागा नाही. आर्किटेक्टने टॉवेलसाठी भिंतीत एक बंद कप्पा दिला होता. त्यात आज ओला ठेवलेला टॉवेल उद्या ओलाच निघे, वर कुबट वास फुकट. बाल्कनीत दोरी बांधावी तर समोरून घराचा चेहरा बिघडतो. खुर्चीवर टाकावा तर मेहुणे उपटलेली दाढ धरावी तसा तो चिमटीत धरून कप्प्यात नेऊन ठेवत. धाकटीने एक खुंटी मागितली. आर्किटेक्ट म्हणाले, खुंटीने भिंतीचा श्वास कोंडेल.

यथावकाश धाकटीच्या मानेवर आणि खांद्यांवर लाल चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नायटा सांगितला आणि विचारलं, टॉवेल कोरडा असतो ना? तलावाच्या व्यवस्थापकांनी तिला पाण्यात उतरायची मनाई केली. नियमच तसा आहे, त्यांचा दोष नाही. चट्टे गेले तर सुट्टीतले वर्ग तुमचेच, म्हणाले, नाहीतर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. धाकटी घरी आली, पिशवी भरली आणि मेहुण्यांना म्हणाली, "मी दादाकडे चालले. खुंटी लागली की कळवा."

आमच्या घरी प्रत्येक दारामागे खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर निदान तीन पिढ्यांचे कपडे आहेत. आमच्या हिने माझे दोन सदरे उचलून खाटेवर टाकले आणि धाकटीला म्हणाली, "ही घे, ही तुझी." झालं. एवढाच तो समारंभ. टॉवेल वाळू लागला, चट्टे फिके पडू लागले. माझे सदरे अजून खाटेवरच आहेत.

आठवडा व्हायच्या आत मेहुणे आले. आमच्या वेताच्या खुर्चीवर बसले आणि बसता येतंय म्हणून दचकले. मग म्हणाले, "दादा, जरा समजवा तिला."

मी म्हटलं, एक खुंटी लावायची, त्यात समजावण्यासारखं काय आहे?

"लावतो ना. मी नाही कुठे म्हणतोय? पण अशी कुठलीतरी कशी लावू?" त्यांची नजर दारामागे गेली आणि तिथून त्यांना ती काढवेना. "या तुमच्या जरा वाकलेल्या दिसतात."

"काम करतात ना, म्हणून वाकल्यात," ही आतून म्हणाली.

मेहुण्यांनी शब्द दिला आणि तो पाळला, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ते हात धुऊन खुंटीच्या मागे लागले. खुंट्यांची चित्रं बघितली, खुंट्यांवरची व्याख्यानं ऐकली. दात कोरता कोरता रोग्याला खुंटीचा इतिहास सांगू लागले. त्याच्या तोंडात यंत्र असल्यामुळे तो हो म्हणायचा. शेवटी एक कारागीर सापडला. तो फक्त खुंट्या करतो, आणि त्याही मनात आल्या तर. बुडालेल्या नावेच्या लाकडाची, टोकाला काशाचा थेंब असलेली ती खुंटी मखमलीच्या पेटीत आली. कुठल्या उंचीवर लावावी यावर विचार करत आर्किटेक्ट भिंतीसमोर बसून राहिले, आणि अखेर नजरेच्या उंचीवर लागली. तिच्या डोक्यावर तिच्यापुरता एक दिवाही आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाक कुठे आहे हेच दिसेना.

धाकटी घरी परतली. पिशवीतून टॉवेल काढून खुंटीकडे गेली, तर मेहुणे आडवे आले. अजिजीने म्हणाले, रविवारपर्यंत थांब, मंडळी एकदा बघून जाऊ देत, मग तुझीच आहे.

तिने भांडण काढलं नाही. टॉवेल आपल्याच खांद्यावर टाकून ती घरभर फिरली आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "दादा, रविवारी तू ये." का, ते तिने सांगितलं नाही. पण मला मंडळाचा शेवटचा नियम ठाऊक होता आणि तिलाही होता. 'अप्रतिम' हा शब्द एकदा उच्चारला गेला की खुंटी हातची गेली. टॉवेल लागायचा तो त्या शब्दाच्या आधी लागला पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या तपासणीला सोमवारी बोलावलं होतं, आणि मानेवर अजून एक चट्टा हट्टाने टिकून होता.

रविवारी मंडळी पॅसेजमध्ये हात मागे बांधून उभी राहिली. मी अर्थात उभाच होतो. मेहुण्यांनी कापड काढलं, दिवा लागला, शांतता पसरली. बँकेच्या साहेबांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि ओठ विलग केले.

तेवढ्यात भिंतीतून धाकटी बाहेर आली. तिथे दार आहे हे विसरलेले वकील दोन पावलं मागे सरकले. केस ओले, अंगावर घरचा सदरा, हातात निळ्या पट्ट्यांचा टॉवेल. ती मंडळींच्या मधून चालत गेली, खुंटीवर टॉवेल टाकला, नीट पसरला आणि बाजूला उभी राहिली. टॉवेलच्या टोकातून एक थेंब फरशीवर पडला.

मेहुण्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मंडळी मात्र जागची हलली नाहीत. साहेबांनी मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली आणि सावकाश म्हणाले, "अप्रतिम."

वकिलांना त्यातली घडी दिसली. आर्किटेक्टना थेंब दिसला. आतापर्यंत खुंटी अपुरी होती आणि ओलेपणाने तिला पूर्णत्व दिलं, यावर तिघांचं एकमत झालं. आर्किटेक्ट तर म्हणाले की हे आता असंच राहिलं पाहिजे, पट्ट्यांची ही चुणी पुन्हा जमायची नाही. ती ओली राखण्यासाठी काही करता येईल का, तेही बघतो म्हणाले.

मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तुझा टॉवेल."

"ऐकलं. आणि उद्या मी अंग कशाने पुसू?"

वापराचा प्रश्न निघाल्यामुळे मंडळींनी सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"तुला दुसरा आणतो ना," मेहुणे कुजबुजले.

"तो कुठे वाळत घालू?"

"अहो, कप्पा आहे की," आर्किटेक्ट म्हणाले.

धाकटी आत गेली. ती चिडून गेली असं मंडळींना वाटलं असावं, कारण वकिलांनी विषय बदलला. पण ती लगेच परत आली. एका हातात चांगला बोटभर लांबीचा खिळा आणि दुसऱ्या हातात हातोडी. हातोडी मी ओळखली. आमच्याच घरची होती, दोन दिवस मी ती शोधत होतो, आणि ही मला नीट शोधा म्हणून सांगत होती.

खुंटीपासून हातभर अंतरावर तिने खिळा धरला आणि ठोकला. घोटून घोटून आरशासारख्या केलेल्या त्या भिंतीचा बशीएवढा टवका उडून साहेबांच्या बुटावर पडला. कुणाचे हात मागचे पुढे आले नाहीत, सवयच नव्हती. खिळा पक्का बसला आहे हे तिने हलवून पाहिलं, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि खिळ्यावर टाकला.

वकील पुढे वाकले. त्यांनी टवक्याच्या कडा पाहिल्या, खिळ्याचं डोकं पाहिलं, मान तिरकी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पसरू लागला.

"वकीलसाहेब," हातोडी खाली न ठेवता धाकटी म्हणाली, "याला छान म्हणायचं नाही."

त्यांनी तोंड मिटलं. मंडळ त्या दिवशी लवकर उठलं.

सगळे गेल्यावर मेहुण्यांनी वाकून खिळा पाहिला. म्हणाले, "तिरका बसलाय गं."

"बसू दे," ती म्हणाली.

शेवटचा चट्टा जायला आणखी थोडे दिवस लागले, पण गेला. सुट्टीतले वर्ग तिलाच मिळाले. मंडळी अजूनही कधीमधी त्या घरी जमतात. खुंटी बघतात, दिवा बघतात, आणि पॅसेजच्या त्या हातभर जागेवरून नजर खाली घालून पुढे जातात. त्या घरात कुणी न बघितलेली ती एकच वस्तू आहे. टॉवेल दुपारपर्यंत खडखडीत वाळतो.