ओल लागू नये म्हणून

वडिलांची जुनी मोटार ठेवायला आणि दुरुस्त करायला घरामागे गॅरेज बांधायचं, हे ड्रॉइंगमास्तरांनी निवृत्त झाल्या दिवशीच ठरवलं. पण मास्तरांचं काम म्हणजे एक रेघ पुढे आणि दोन खोडून मागे! गाडीखाली उतरायचा खड्डा कुठे, खिडकी कुठे, यातच सात वर्षं गेली. जमिनीला ओल येऊ नये म्हणून तर तीनदा नकाशा बदलला. तोवर गाडी अंगणात, ताडपत्रीखाली.

"अहो, आधी वर चार पत्रे तरी टाका," बायको दरवर्षी सांगायची.

"अर्धवट काम मला खपत नाही," मास्तर खेकसायचे.

शेवटी गॅरेज झालं. जमीन अशी कोरडी, की उघडी काडेपेटी ठेवली तरी सादळू नये. मास्तरांनी हौसेने ताडपत्री ओढली आणि चार शेजाऱ्यांना म्हणाले, "हं, लावा जोर!" जोर लागला आणि गाडीचा मागचा भाग शेजाऱ्यांच्या हातातच आला. ताडपत्रीखाली कोंडलेल्या ओलीने पत्रा, सांगाडा, सगळं खाऊन टाकलं होतं.

बायकोने पुढे होऊन गॅरेजचं दार सताड उघडून धरलं. मास्तरांना तेच जास्त लागलं.

गाडी त्या दिवशी गॅरेजात गेली खरी. पण तीन खेपांत.