कादंबरीत नसलेली बहीण

"बहीण? तुझ्या कादंबरीत बहीण कुठंय?" लेकीच्या तोंडाशी नेलेला चमचा तसाच अधांतरी धरून नवऱ्याने विचारलं.

"नाहीच आहे."

"मग ह्यांना कुठून दिसली?"

मी फोनवरचं पत्र पुन्हा वाचलं. 'धाकट्या बहिणीने आम्हाला दोन दिवस सोडलं नाही. तळ्याकाठी तिने नीट जोडून ठेवलेल्या चपला अजून डोळ्यांसमोर आहेत. संपूर्ण कादंबरी ताबडतोब पाठवावी.' वर नाव माझंच होतं, आडनावासकट.

माझी कादंबरी पुलावरच्या टोलनाक्यात पावत्या फाडणाऱ्या एका बाईची आहे. खिडकीतून तिला दिवसभर माणसांचे फक्त हात दिसतात. बहीण नाही, तळं तर नाहीच.

लेखकाचं लिखाण प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या पाच एजन्सींना मी पहिली पन्नास पानं पाठवली होती, आणि वर्षभर त्यांची उत्तरं उलगडत बसले होते. एकीने लिहिलं, भाषा इतकी सुंदर आहे की आम्ही तिला न्याय देऊ शकणार नाही. दुसरीने लिहिलं, ही नको, पण पुढची लिहाल ती आधी आम्हालाच दाखवा. तिसरीने लिहिलं, 'मनापासून आवडली, पण आम्ही प्रेमात पडलो नाही.' त्यावर नवरा म्हणाला होता, "ह्यांना लग्न करायचंय का पुस्तक छापायचंय?" चौथीने आधीच कळवून ठेवलं होतं की आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजावं. मी नववा आठवडाही वाट पाहिली. उगीच.

आणि आता पाचवीचं हे.

"टाक की एक बहीण," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. "लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, की आत शिरायचं. कुणी बोलावली होती, हे विचारत बसायचं नसतं."

"आणि जिने बोलावली होती ती?"

"ती येईल जिन्याने."

लेकीने तेवढ्यात तोंडातलं सगळं त्याच्या शर्टावर उडवलं. "घे, हिचंही मत आलं," तो म्हणाला.

मी कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करते. आमच्याकडे एक आवाजबंद खोली आहे, खोली कसली, मोठं कपाटच. माणूस आत बसतो, मी काचेपलीकडे. दुपारच्या सुट्टीत ती रिकामी असते. डबा चार घासांत संपवायचा आणि आत जाऊन दार ओढून घ्यायचं, की जग कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. थोड्या वेळाने आपल्याच रक्ताची सळसळ ऐकू येते. लेक पोटात होती तेव्हा तिला असंच ऐकू येत असेल, असं मला तिथे बसून वाटायचं. आख्खी कादंबरी मी त्या कपाटात, अर्धा-अर्धा तास करत लिहिली.

त्यानंतरच्या तीन दुपारी मी बहीण लिहिली. आली की हो! इतकी सहज आली, जणू टोलनाक्याच्या मागेच कुठेतरी उभी होती. तिला मी माझ्या लेकीचे कान दिले, लेकीसारखं मान वाकडी करून बघणं दिलं. टोलनाक्यामागे तळं उगवलं. झोप नीट न झालेल्या बाईला तळं उगवायला कितीसा वेळ लागतो. चपलांपाशी मात्र रोज अडायला व्हायचं. त्या दुसऱ्याच कुणीतरी काढून ठेवल्या होत्या, मी नुसते पाय घालून बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी एक म्हातारे घड्याळजी कान तपासून घ्यायला आले. त्यांना हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, म्हणजे माझ्याकडे दिवा लागतो. आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा, आणि मध्येच काही न वाजवता थांबायचं, ही आमची पद्धत. मी थांबले. काहीच वाजत नव्हतं, आणि दिवा लागला. पुन्हा थांबले, पुन्हा लागला.

मी दार उघडलं. "आजोबा, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता."

"काय सांगतेस! मला तर आला. बारीक, लांबून."

"हरकत नाही, परत करू."

"अगं, जन्मभर घड्याळं कानाशी धरली. अजून धरतो. टिकटिक येते चांगली. मग सून म्हणते, बाबा, ते बंद आहे." ते स्वतःवरच हसले. "पण खोटं नाही गं बोलत मी. ऐकू येतं खरंच."

"माहितेय मला."

"मग अशा वेळी दाबायचं का नाही? बाहेरचं कुठलं नि मनातलं कुठलं, मला आत बसून कसं कळावं?"

रोज सगळ्यांना सांगते तेच मी त्यांना सांगितलं, "खात्री असेल तरच दाबा." पण सांगताना माझाच आवाज मला कुणी दुसरीने बोलावं तसा लागला.

तिसऱ्या वेळी मी थांबले तेव्हा काचेतून त्यांचा अंगठा दिसत होता. बटणावर टेकला होता, पण हलला नाही. ऐकू किती येतं ते दाखवणारी कागदावरची रेघ पार खाली गेली.

"एवढं कमी?" ते म्हणाले. मग रेघेवरून बोट फिरवून, "पण खरी आहे ना?"

"खरी आहे."

"मग झालं. कानाचं यंत्र तरी बरोबर बसेल."

दुपारी कपाटात बसून मी एजन्सीला लिहिलं. 'आपले पत्र चुकून माझ्याकडे आले आहे. माझ्या कादंबरीत बहीण नाही. जिच्या कादंबरीत आहे, ती वाट बघत असेल.' आणि हात मागे यायच्या आत पाठवून दिलं.

"पाठवलंस?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं. मला वाटलं, चिडेल. तो लेकीची एक चप्पल पलंगाखालून आणि दुसरी बादलीतून काढत होता. "बरं केलंस. किती मजले चढून दमली असेल बिचारी."

दोन दिवसांनी उत्तर आलं. दोन पत्रांची अदलाबदल झाली होती. माझं पत्र तिच्याकडे गेलं होतं. त्यांनी ते सोबत जोडलं होतं. 'हातांची वर्णने चांगली आहेत. कादंबरी स्वीकारता येत नाही.'

वर्षभरात मला कळलेलं पहिलं उत्तर.

म्हणजे आठवडाभर ती कुणीतरी माझा नकार समोर धरून आपल्या कादंबरीत ते हात शोधत बसली असेल. कदाचित दोन-चार हात तिने लिहिलेही असतील.

दुपारी मी कपाटाचं दार ओढून घेतलं. बहिणीची अकरा पानं काढून टाकली. लेकीचे कान तेवढे जपून परत घेतले. टोलनाक्यामागचं तळं गेलं, पूल पुन्हा कोरडा झाला, आणि ती बाई खिडकीत पावती धरून पुढच्या हाताची वाट बघत राहिली.

मग मी हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. काचेपलीकडे माझी खुर्ची रिकामी होती. काहीच वाजत नव्हतं. लांबून, बारीक, काहीतरी आल्यासारखं झालं.

अंगठा मी जागचा हलवला नाही.