हेल्मेटचा पिक

"तारांवर पंजा ठेव," लटारू म्हणाला.

निकेशने गिटारच्या तारांवर पंजा ठेवला. स्पीकरमधली घुंईं बंद. पंजा उचलला, घुंईं पुन्हा सुरू.

"आर्थिंग नाई इथी," लटारूने निकाल दिला. "गिटार बिचारी तुह्या आंगातून जमीन शोधून राह्यली."

चिमूरच्या मैदानावर बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम संध्याकाळी होता. आत्ता दुपारचे तीन वाजले होते आणि स्टेजच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. लटारूने स्टेजमागे लांब सळई ठोकली, दोन मुठी मीठ टाकलं, बादलीभर पाणी ओतलं, तार जोडली. घुंईं गेली. घुग्घुसहून आलेल्या साऱ्या गाण्याच्या पार्टीने माना डोलावल्या. लटारूने त्या एकेक करून पाहून घेतल्या. हल्ली त्याला तेवढी गरज पडायची.

पार्टी खुशालने काढलेली. आता त्याची मुलगी संघप्रिया गाते आणि तीच चालवते. खुशाल म्हणायचा, "आपल्या पार्टीले गळे चार, पन कान एकच. लटारूचा." हे वाक्य लटारू अजून लोकांना ऐकवतो. खुशालला जाऊन नऊ वर्षं झाली. कोळशाच्या क्रशरवर सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या कानाला बारीक आवाज येईनासे झाले, त्यालाही जवळपास तेवढीच. हे मात्र तो कुणाला ऐकवत नाही. जाड आवाज येतात. बारीक कामाला तो संघप्रियाचं कपाळ वापरतो. आठी पडली की आवाज आहे, आठी गेली की गेला. नऊ वर्षांत आठीने एकदाही दगा दिला नव्हता.

"काका, अजून येऊन राह्यलं," निकेश म्हणाला. "चर्र चर्र. बारीक."

लटारूने कपाळाकडे पाहिलं. संघप्रिया पाठमोरी होती, फोनवर नागपूरच्या रेकॉर्डिंगचं बोलत होती. तिथे मिक्सरवर कोण बसणार, हे ती आज ठरवणार होती. निकेशचा मित्र राजदीप लटारूच्या मिक्सरशेजारी उभा होता, एसटीत खिडकीची जागा रिकामी व्हायची वाट बघणारा उभा असतो तसा.

"केबल असंन," लटारू म्हणाला. केबल बदलली. मग जॅकमध्ये धूळ असेल म्हणून पेट्रोलचा बोळा फिरवला.

"हा तुमचा हेल्मेटचा पिक असंन," निकेश वैतागला. खाणीतली फुटकी पिवळी हेल्मेटं कापून, घासून, तारा छेडायचे पिक लटारू स्वतः बनवायचा. पार्टीतली गिटार पहिल्या दिवसापासून त्याच पिकने वाजत आली होती. "टोपी डोक्यात घालाची असते काका, तारेवर घासाची नसते."

राजदीप हसला.

"पिकनं असा आवाज येत नाई."

"कसा?"

निकेशने गिटार छातीशी धरली आणि अर्धा वळला. "बरं, आता आयका. आता येते का?"

संघप्रिया अजून पाठमोरीच. लटारूने मान तिरकी केली आणि डोळे मिटले, खुशालसमोर मिटायचा तसेच.

"येते. बारीक हाय, पन येते."

डोळे उघडले तेव्हा उपसलेली केबल निकेशच्या हातात लोंबत होती.

या खेपेला राजदीपही हसला नाही, इतकं ते वाईट होतं. संघप्रिया वळली होती. तिने फोन खाली घेतला.

"काका, कवापासून?"

"क्रशरले विचार," लटारू म्हणाला आणि नजर वळवली.

नजर गिटारवर पडली. मैदानाकडेच्या सावरीचा कापूस हवेत उडत होता. त्यातला एक पुंजका गिटारच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला चिकटला होता. समोर कूलर घोंघावत होता, तरी तो हलत नव्हता. लटारूला उमगलं. पार्टीचे नवे निळे पॉलिस्टरचे शर्ट, हे कोरडं ऊन, आणि दुपारभर शर्टाला घासलेलं प्लास्टिक. पट्टीवर वीज साचली होती, तीच तडतडत होती.

त्याने खांद्यावरचा दुपट्टा बादलीत बुडवून पिळला. "थांब," म्हणत पट्टी पुसली, निकेशच्या शर्टाचा पुढचा भागही पुसला. म्हाताऱ्या माणसाचं करून घ्यावं लागतं, अशा चेहऱ्याने निकेश हात वर करून उभा राहिला. मग त्याने पिवळा पिक स्टेजखाली फेकला, खिशातून ऑनलाइन मागवलेला निळा काढला, केबल खोचली आणि वाजवलं.

संघप्रियाच्या कपाळावरची आठी गेली.

"पाह्य ताई! मी म्हनत नव्हतो? पिकच होता!"

लटारूने तोंड उघडलं. पण साक्ष कोणाची? केबल नसलेल्या गिटारीतून आवाज ऐकलेल्या माणसाची.

"काका," संघप्रिया हळू म्हणाली, मग लक्षात येऊन मोठ्याने, "त्या सळईवर पानी टाकाले कोनी पाह्यजे ना. तुमी मांगच बसा आज." त्यातला 'आज' तिने भलेपणाने घातला होता. राजदीप तोवर मिक्सरमागच्या खुर्चीत बसलासुद्धा.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. लटारू स्टेजमागे बादली घेऊन बसला. ढोलकी त्याला तळपायातून कळत होती. पट्टी तासाभरात वाळेल, मग चर्र पुन्हा येईल, हे त्याला ठाऊक होतं. आली तरी त्याला ती कळणार नव्हती. एक मगभर पाणी तो सळईवर ओते, अर्धा मांडीवरच्या दुपट्ट्यावर.

दुपट्टा मागायला कुणी आलं नाही. त्याने तो वाळू दिला नाही.