पाणी माझं, पत्ता कावळ्याला

मित्रांनो, परळ म्हणतात मला. म्हणजे मातीचं पसरट भांडं, जुनं, काठाला टवका उडालेलं. वाशीमच्या मोठ्या बागेत तीन दोऱ्यांवर टांगलेला असतो. बोलायची सवय नाही मला, पण आज बोलणार आहे, कारण माझं डोकं फिरलंय.

कारंजा लाडच्या हिरीबाईने मला घडवलं. ओल्या मातीला थापटताना ती म्हणाली होती, "पाखरायच्या पाण्याले हाय रे तू, गळू नको." भट्टीत भाजून निघालो तेव्हा तेवढं एकच वाक्य माझ्या अंगात मुरलं होतं. तिच्या दुकानातून मला दौलतरावांनी उचललं. दौलतराव मूळचे मेडशीचे. सारा जन्म एसटी चालवली, आता लेकाकडे वाशीमला राहतात. घरात करमत नाही म्हणून भल्या सकाळी बागेत येतात. त्यांनी मला नळाजवळच्या कडुनिंबाला, उघड्यावर टांगलं. रोज जुनं पाणी ओतून टाकतात, नारळाच्या काथ्याने घासतात, ताजं भरतात. चिमण्या, साळुंक्या, खारी, सगळे माझ्या काठावर भांडले. टवका उडाला तोही अशाच एका धुमश्चक्रीत, दोरी सुटून पडलो तेव्हा. पण गळलो मात्र कधीच नाही.

या उन्हाळ्यात मागच्या भिंतीवरच्या बोगनवेलीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. पहिली काडी नेली तेव्हापासून दौलतरावांना ते ठाऊक होतं. कोणाला म्हणून सांगितलं नाही त्यांनी. पाणी भरताना मला मात्र सांगायचे, "दोन पिल्लं हायेत बरं. पंख फुटून राह्यले." जणू स्वतःची नातवंडं.

दर रविवारी बागेत पक्षी बघणाऱ्यांची फेरी निघते. मंजुषाताई सगळ्यांना घेऊन फिरतात आणि नरेंद्र भलामोठा कॅमेरा गळ्यात अडकवून मागे असतो. त्या रविवारी ही मंडळी माझ्यापाशी थांबली. "काका, तुमच्यामुळं किती पाखरं येतात इथं!" असं ताई म्हणाल्या आणि आमचे दौलतराव विरघळले. इतके दिवस पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आली.

"या, तुमाले एक गंमत दाखवतो. पन आवाज नका करू, बापा. पोरं लहान हायेत."

बोगनवेलीपाशी जाऊन नरेंद्रने कॅमेरा लावला आणि तोंड वाकडं केलं. "काका, काड्या आड येऊन राह्यल्या. चार छाटल्या तं झकास दिसन."

"कायले छेडतोस त्याईले? दुरूनच पाहू न," ताई म्हणाल्या.

"छेडतो कुठं? उलट काकांचा परळ इथंच टांगू. मायले पाण्यासाठी दूर जा लागनार नाही. सोय तिचीच हाय."

वैशाखातलं ऊन मी म्हणत होतं. पाण्याचं नाव काढल्यावर आमच्याकडे कोण नाही म्हणणार? ताई बाजूला सरल्या. दौलतरावांना तर वाटलं, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही! नरेंद्रने कात्री चालवली. दौलतरावांनी स्वतःच्या हाताने मला वेलीलगतच्या करंजाच्या फांदीला, घरट्याच्या अगदी शेजारी टांगलं. फोटो निघाले. मंडळी खुशीत घरी गेली.

आणि मग कावळा आला.

मित्रांनो, कावळा वाळलेली पोळी पाण्यात भिजवून खातो. रोजच येतो तो माझ्याकडे. पाणी जिथे, तिथे तो. माझ्या काठावर बसला, तुकडा बुडवला, मान वळवली. समोर घरटं उघडं पडलेलं! आई-बाप जिवाच्या आकांताने ओरडले, त्याच्या अंगावर धावून गेले. त्याने एक पिल्लू नेलं आणि परत येऊन दुसरं नेलं. दोन्ही खेपांना त्याने झेप घेतली ती माझ्याच काठावरून. त्याची नखं अजून टोचतात मला. पाखरांसाठी घडवलेल्या मला माणसांनी आमिष केलं! संताप होतो नुसता, आणि दोरीला लटकून संताप करून तरी काय होतं?

संध्याकाळी दौलतराव आले. रिकामं घरटं पाहिलं, माझ्यातली फुगलेली पोळी पाहिली आणि ती पाण्यासकट ओतून दिली.

पुढच्या रविवारी नरेंद्र हसतच आला. "काका, ग्रुपवर फोटोखाली तुमचं नाव बी टाकलं. लोकं लय खूश झाले."

"पोरं कुठं हायेत?"

"कोनाचे?"

"ज्याईचा फोटो काढला त्याईचे!"

नरेंद्रने वर पाहिलं. "कावळ्यानं नेले असतीन. निसर्ग हाय, काका."

"निसर्गानं कात्री चालवली काय रे?" फेरीतल्या सगळ्यांसमोर दौलतराव कडाडले. "कावळ्याच्या नावानं कायले बोटं मोडतं? त्यानं पोट भरलं. त्याले पत्ता आपन देल्ला! तू आडोसा छाटला, अन् मी येड्यानं परळ टांगला!"

"मी तो फोटो काढून टाकायले लावते, काका," मंजुषाताई हळूच म्हणाल्या.

"फोटो पुसून पोरं येतीन काय, बाई?"

दौलतरावांनी मला उतरवलं, घासलं, इतकं घासलं की मला वाटलं आता फुटतोच. मग पुन्हा नळाजवळ, कडुनिंबाला, उघड्यावर टांगलं.

मित्रांनो, पाणी ठेवा. जरूर ठेवा, उन्हाळा जीवघेणा आहे. पण घरट्याच्या दारात ठेवू नका. आणि जो पाला तुमच्या नजरेला आडवा येतो, तो त्या पिल्लांचं घर आहे, त्याला हात लावलात तर याद राखा.

रविवारची फेरी अजूनही येते. कोणीतरी विचारतंच, "काका, आता घरटं कुठं हाय?" दौलतराव माझ्याकडे बोट दाखवतात. "पानी इथं हाय. ते इथंच येतीन. बसा अन् वाट पाहा."

परवा त्या पिल्लांची आई आली. माझ्या काठावर बसून पाणी प्याली आणि उडून गेली. तिने पुन्हा घरटं केलंय का, कुठे केलंय, मला ठाऊक नाही. दौलतरावांना ठाऊक असावं. कारण नळाकडे येताना हल्ली ते एका झुडपाला लांबून वळसा घालतात, आणि तिकडे मान वळवून बघतसुद्धा नाहीत.