पहिल्यांदाच आहे जी

"सर, जीव वाचवायचं इंजेक्शन माणसाले मारू शकते काय?"

वर्गातल्या स्वीटीनं पैज लावली होती, म्हणून शाळेच्या आरोग्य तपासणीत मी हे सगळ्यांसमोर विचारलं. पोरी खिदळल्या, पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गाठ विरघळवायला स्ट्रेप्टोकायनेज देतात. ते जंतूंपासून बनतं. एकदा घेतलं की शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुन्हा दिलं तर उलटू शकतं. तेव्हापासून वर्गात मी म्हणजे डॉक्टरीणबाई!

पंधरा दिवसांनी जाम गावचे पाहुणे समीक्षाताईला पाहायला आले. पोहे संपायच्या आत मोठेबाबांच्या, म्हणजे ताईच्या वडिलांच्या, माझ्या बाबांच्या मोठ्या भावाच्या, छातीत कळ आली. ताई घरीच राहिली, आम्ही पाहुण्यांच्याच गाडीतून दवाखाना गाठला. मुलाचे वडील वासुदेवराव पलंगाला लागूनच उभे.

"आधी कधी अटॅक? हे इंजेक्शन घेतलं होतं?" तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी, नागपूरला. गावात, ताईलासुद्धा, मुतखडा सांगितला, कारण घरात हृदयाचं दुखणं आहे म्हटल्यावर ताईला कोण करून घेईल?

"नाई जी, पहिल्यांदाच आहे," बाबा म्हणाले.

"खोटं!" मी ओरडले. "नागपूरले हेच दिलतं!"

बाबा चक्क हसले. "दिवसभर मोबाईल पाहते जी." आईनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं.

मॅडमनी मोठेबाबांनाच विचारलं. त्यांनी वासुदेवरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरगी खोटं बोलून राह्यली."

औषध सुरू झालं. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मॅडमनी औषध थांबवलं, इंजेक्शनं दिली, छाती दाबत राहिल्या. मोठेबाबा गेले.

वासुदेवराव बाहेर फोनवर होते तेव्हा मॅडम बाबांना म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दुसरं दिलं असतं."

तेरवीला वासुदेवराव म्हणाले, "ठणठणीत माणूस, अन् पहिल्याच अटॅकमध्ये गेला! वर्षाच्या आत लग्न उरकून टाकू." बाबांनी लगेच त्यांच्या पानात आणखी दोन लाडू वाढले. ताई तर सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडली. "काका, तुम्ही होते म्हणून बाबाले वेळेवर नेलं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पाहुण्यांची गाडी वळल्याबरोबर मी दोघांनाही अंगणात अडवलं.

"आई, बाबा, मी आता आत जाऊन ताईले सगळं सांगणार. लग्न करायचं का नाई, ते तिचं ती पाहीन."